कालवडीच्या गळ्यातली घंटा

यवतमाळला पाहुणे यायचे ते होळीनंतर. आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, आणि त्या चार-सहा वर्षांत मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या लोकांची इकडची ये-जा वाढली. कोणी तपासणीला यायचं, कोणी बदली होऊन आलेल्या भावाकडे सुटीला. शहर दोन तासांत पाहून व्हायचं. मग कोणीतरी म्हणायचं, जंगल दाखवा. जीप निघायची आणि धूळ उडवत आमच्या जंगलखात्याच्या बंगल्यावर यायची.

बंगल्यावरचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी मोर, दुपारी धबधबा, संध्याकाळी वाघ. पण होळीनंतर धबधब्याच्या जागी काळा खडक आणि त्यावर वाळलेलं शेवाळ एवढंच उरायचं. मोर पाहून कोणाचं समाधान होत नसे. राहिला वाघ, आणि तो दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

मी तिथे नाकेदार होतो, म्हणजे जंगल राखणारा सगळ्यात खालचा सरकारी माणूस. वय बावीस. मॅट्रिक झालो होतो, अक्षर चांगलं होतं, म्हणून रेंजर साहेब पंचनामे आणि रिपोर्ट माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

बंगल्यापासून मैलभर अंतरावर नाल्यात एक डोह होता. आजूबाजूचं पाणी आटलं तरी तिथलं टिकायचं. काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर मचाण बांधलेलं होतं आणि समोर पन्नास पावलांवर सागाचा एक खुंट. त्या खुंटाला म्हशीचं रेडकू बांधायचं आणि वाघाची वाट पाहायची. आज हे वाचून कोणाच्याही अंगावर काटा येईल. तेव्हा ती रीतच होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती. शिकारीला येणारे बंदूक घेऊन बसायचे, पाहायला येणारे दुर्बीण घेऊन. रेडकाला दोन्ही सारखंच.

त्या भागात एक वाघीण होती. पहिल्या उन्हाळ्यात ती पाहुण्यांसमोर एकदाच आली. रेडकू बांधलं की थोडा वेळ धडपडतं, मग गप उभं राहतं. वाघिणीला पत्ताच लागत नसे. पाहुणे दिवस मावळेपर्यंत बसायचे आणि माकडं पाहून परत यायचे. मचाणावरून उतरताना एक बाई म्हणाल्या, "रेंजर साहेब, माकडं तर आमच्या माहेरच्या कौलांवरही असतात हो. त्यासाठी एवढं लांब कशाला आणलंत?" सगळे हसले. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला पुरेसं होतं.

माझ्या नाक्यापासून, म्हणजे चौकीपासून, दीड मैलावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले. आता ते वावरं कसून एका जागी बसले होते, तरी जनावरांचा नाद सुटला नव्हता. त्यांची जनावरं जंगलात चरायची आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी घंटा असायची. तांड्यातला एक माणूस त्या घंटा करायचा. शिवणीच्या लाकडाचा तुकडा आतून कोरायचा, आत दोन लाकडी लोलक सोडायचे आणि अंबाडीच्या दोरीने ती गळ्यात बांधायची. बांधायची त्याची स्वतःची दुहेरी गाठ होती. हरवलेलं जनावर सापडावं हा घंटेचा एक उपयोग. दुसरा मोठा. घंटा वाजते तिथे माणूस असतो हे वाघाला पिढ्यानपिढ्या ठाऊक असतं, आणि तो त्या आवाजापासून लांब राहतो. तांड्यातल्या बाया घंटेच्या आवाजाच्या आधाराने एकट्या जंगलात जायच्या-यायच्या. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातलं पहिलं रेडकू मी त्याच तांड्यावरून आणलं. त्याच्या गळ्यात घंटा तशीच राहिली होती. मी ती काढायचा कंटाळा केला, एवढंच. ऊन अजून वर होतं, पाहुणे मचाणावर चढून पाणी पीत होते, खाली रेडकू मान झटकत होतं, आणि वाघीण आली. पाहुण्यांपैकी एकाच्या हातून पेला खाली पडला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला मी घंटा मुद्दाम ठेवली. ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला रेडकू बांधून मी वळतो न वळतो तोच पलीकडच्या झुडपात तिचे कान दिसले. मे महिन्यापर्यंत साहेब पाहुण्यांना सांगू लागले, "आमचा नाकेदार वाघिणीला चहाला बोलावतो." पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारायचे. माझ्यासारख्या माणसाच्या पाठीवर तोवर कोणी थाप मारली नव्हती. तिसऱ्या वर्षी तर पाहुणे यवतमाळला उतरतानाच म्हणत, आधी तो नाला दाखवा.

एक दिवस घंटा करणारा तो माणूस नाक्यावर आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा सगळे नाकेदार करायचे. त्याच्या हातात चेपलेली, रक्त वाळलेली घंटा होती.

"साहेब, ही माह्या हातची हाय. खुंटापाशी सापडली."

"रेडकाच्या गळ्यात राहिली असेल."

"राह्यली असन तं ठीक. पन बांधत जाऊ नका. घंटी वाजली का जनावर बांधून असते अन् मानूस वरतं गप बसून राह्यते, हे तिले कळून राह्यलं. कळू देऊ नका."

"अरे, तिला एवढी अक्कल असती तर ती रेंजर नसती झाली?"

तो हसला. त्याचे वरचे दोन दात पडलेले होते. "रेंजर नाई झाली तरी पोट तं हाय नं तिले."

"बरं, नाही बांधत," मी म्हणालो.

त्यानंतर मी एवढंच केलं की नाल्यावर जाईपर्यंत घंटा झोळीत ठेवायची, तिथे गेल्यावर बांधायची आणि काम झालं की शोधून परत आणायची. चार-पाच घंटा मी त्याच्याकडूनच मागून घेतल्या होत्या, बंगल्यावरच्या गाईसाठी म्हणून. बंगल्यावर गाय नव्हती.

वैशाखात आठ-दहा दिवस पाहुणे आले नाहीत. नाल्यावर रेडकू बांधलं गेलं नाही. वाघीण डोहाच्या आसपासच असायची, पाऊलखुणा रोज दिसायच्या. ती कशाची वाट पाहते आहे हा विचार मला करता आला असता. मी केला नाही.

एके दिवशी सकाळी, आठचा सुमार असेल, तांड्यातली एक मुलगी धावत नाक्यावर आली. घंटा करणाऱ्याची मुलगी, बारा-एक वर्षांची. आदल्या संध्याकाळी त्यांची कालवड घरी आली नव्हती. आई आणि ती शोधायला निघाल्या होत्या. गाडीवाटेवर आल्यावर नाल्यातून घंटा ऐकू आली. आई म्हणाली, तू इथंच थांब, मी हाकलून आणते, आणि खाली उतरली. घंटा वाजत होती म्हणून ती न भिता उतरली. मुलीने पुढचं सांगितलं नाही. तिला सांगता येत नव्हतं.

मी तिला नाक्यावर बसवलं आणि भरमार म्हणजे ठासणीची बंदूक, विळा आणि रिकामा डबा घेऊन गेलो. डबा बडवत, ओरडत नाल्यात उतरलो. वाघीण निघून गेली होती. खुंटापासून थोड्या अंतरावर कालवड पडली होती, मान मोडलेली. वीस पावलांवर ती बाई होती. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तिच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि त्यातली एकही फुटली नव्हती, एवढं मला दिसलं.

कालवडीच्या गळ्यात घंटा होती.

मी उभा राहिलो आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की आता तो माणूस येईल, घंटा पाहील आणि साहेबांसमोर म्हणेल, मी नाकेदाराला सांगितलं होतं. बाईबद्दल नंतर वाटलं. आधी हे वाटलं. मी विळ्याने दोरी कापली. घंटा डोहात फेकली. लाकूडच ते, तरंगायला लागली आणि हळूहळू परत काठाकडे आली. मी काठीने ती ओढून घेतली. पाठीमागे ती बाई तशी पडलेली, आणि मी काठावर वाकून पाण्यातून घंटा काढत होतो. ओली घंटा झोळीत टाकली. पुढे ती मी नाक्यावरच्या चुलीत जाळली.

डब्याचा आवाज ऐकून अर्ध्या तासात तांडा आला. तो माणूस बायकोपाशी बसला, तिचं डोकं नीट केलं, तिच्या ओढणीने तोंड झाकलं. बऱ्याच वेळाने उठला आणि कालवडीकडे गेला. तिच्या गळ्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे आला.

"साहेब, तुमी पयले आले. हिच्या गळ्यात घंटी होती का?"

"नव्हती."

"मी तं बांधली होती."

"नव्हती," मी पुन्हा म्हणालो.

त्याचा मोठा मुलगा, अठरा वर्षांचा, शेजारी उभा होता. तो बापाकडे पाहत राहिला.

दुपारी साहेबांची जीप आली. पंचनामा मी लिहिला. सुंदर अक्षरात लिहिलं की कालवड मोकळी, गळ्यात घंटा नसलेली, भटकून डोहाकडे आली, आणि तिच्या शोधात आलेल्या बाईवर वाघिणीने हल्ला केला. पंचांनी अंगठे लावले. जीपमध्ये बसता बसता साहेब हळूच म्हणाले, "घंटेचा विषय निघाला नाही ना?"

"नाही साहेब."

"मग झालं."

साहेबांना एवढंच माहीत होतं की आम्ही रेडकाला घंटा बांधतो. कालवडीचं त्यांना मी कधी सांगितलं नाही. म्हणून त्यांच्यावर यातलं फार टाकता येत नाही.

मुलगी सगळ्यांना सांगत होती, घंटा वाजत होती म्हणून याडी उतरली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बाया म्हणाल्या, लेकरू घाबरलं आहे, काहीही ऐकू येतं. भाऊ तिच्यावर ओरडला, "साहेबानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं अन् तू कायले खोटं बोलून राह्यली? बाले वाचवाले?"

तेरवी झाल्यावर तांड्याची पंचायत बसली. दोन-तीन दिवसांनी मला समजलं ते असं. जो माणूस साऱ्या तांड्याच्या जनावरांना घंटा बांधतो त्याने आपल्या कालवडीला बांधली नाही, आणि मग बायकोला तिच्या शोधात जंगलात जाऊ दिलं. शिक्षा कोणी केली नाही. पण त्यानंतर त्याच्याकडून घंटा कोणी घेतली नाही. मुलगा महागावकडे मामाच्या तांड्यावर निघून गेला. जाताना बापाच्या पाया पडला नाही.

वाघीण नरभक्षक ठरली. तिला मारायचा परवाना निघाला आणि आमच्या पाहुण्यांपैकीच एकाने तिला त्याच मचाणावरून मारलं. मी रेडकू बांधलं, घंटा बांधली, ती आली. तिच्यासोबत सगळ्यांचा फोटो निघाला. मीही आहे त्यात, डाव्या टोकाला. पुढे येणाऱ्या पाहुण्यांना बंगल्याच्या भिंतीवरचा तो फोटो दाखवला जायचा, आणि ही माणसं खाणारी होती, असं सांगायचं कामही माझंच होतं. ती एकदाच माणसावर गेली होती.

पाऊस लागायच्या आधी आणि नंतरही तो माणूस नाक्यावर येत राहिला. येऊन ओट्यावर बसायचा. मी चहा द्यायचो. तो कधी ओरडला नाही, कधी संशय घेतला नाही. फक्त विचारायचा.

"साहेब, येक डाव आठवून पाहा. गळ्यात नसन, पन दोरी तरी होती का? तुटली असन."

"दोरीही नव्हती."

"मले असं वाटते का मी त्या दिवशी सकाळीच बांधली. नवीच होती. पन मंग वाटते, ते आदल्या दिवशीचं असन. दुसऱ्या जनावराचं असन."

दोरी तुटलेली होती असं मी म्हणालो असतो तरी चाललं असतं. माझ्यावर काही आलं नसतं आणि त्याला तेवढा आधार झाला असता. पण एकदा एक सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, आणि त्यात फरक पडला तर कोणीतरी पुढचं विचारेल ही धास्ती होती. मी तेच तेच सांगत राहिलो.

पाचव्या की सहाव्या वेळी तो आला तेव्हा मृगाचा पाऊस होऊन गेलेला होता. ओट्यावर न बसता उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, नसनच बांधली मी. तुमी लिवनारे मानसं, तुमचं ध्यान पक्कं असते. माहं डोस्कं आता काही खरं नाई." आणि गेला. त्यानंतर तो नाक्यावर आला नाही.

त्याच हिवाळ्यात मी बदली मागून घेतली. पुढे बढती मिळाली, लग्न झालं, मुलं झाली, निवृत्त झालो. या सगळ्या काळात तो माणूस जिवंत होता आणि मी त्याच्यापासून कधी चाळीस मैलांपेक्षा लांब नव्हतो. एकदा बाभुळगावच्या बाजारात तो मला दिसला. एक म्हैस विकायला आणली होती. गिऱ्हाईक बोलत असताना तो सारखा म्हशीच्या गळ्यातली दोरी चाचपत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. मी दुकानाच्या आड झालो. तो गेल्यावर बाहेर आलो.

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या मोटारसायकलवर बसून मी बोरी अरबच्या अलीकडच्या एका तांड्यावर गेलो. त्याची मुलगी तिथे दिलेली आहे. आता तीच पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. अंगणात सुपात तूर निवडत बसली होती.

"कोन तुमी?"

"मी त्या नाक्यावरचा नाकेदार. नाल्यावर तुमच्या आईचं झालं तेव्हा..."

तिने हात थांबवला आणि मला पाहून घेतलं. "मेले नाई अजून?"

"नाही."

"बसा मंग."

मी सगळं सांगितलं. रेडकाच्या घंटेपासून चुलीत जाळलेल्या घंटेपर्यंत. ती तूर निवडत राहिली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. मी थांबल्यावर म्हणाली, "यात मले नवं काय सांगतलं तुमी? मी आयकली होती नं घंटी."

"हो."

"साठ वर्सं मले खोटी म्हनलं. नवऱ्यानं बी म्हनलं, सासूनं बी. पोरगी लहानपनापासून खोटाडी हाय म्हने." तिने सूप झटकलं. "माहं जाऊ द्या. बाले सांगाले पायजे होतं. बा मरून पंचवीस वर्सं झाले. मरायच्या आधी मले जवळ बसवलं अन् म्हने, पोरी, तू खरं सांगत असशीन, पन साहेब कायले खोटं बोलन?"

तिने पुन्हा सुपात हात घातला.

"तुमच्या भावाला भेटून सांगावं म्हणतो," मी म्हणालो.

"नाई. तिकडं जाऊ नका." ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "भाऊ बाशी बोलला नाई. बाच्या मातीले आला नाई. आता त्याले चालता येत नाई, खाटेवर हाय. हे आयकलं तं तो कुठं तोंड लपवन? तुमचं मन हलकं कराले त्याच्या छातीवर गोटा कायले ठेवता?"

"मग मी काय करू?"

"मले काहून इचारता? तवा इचारलं होतं का?"

तिने नातसुनेला माझ्यासाठी चहा मांडायला सांगितलं. मी तो प्यायलो आणि निघालो.

घरी आल्यावर चार महिने मी काहीच लिहिलं नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे असं वाटत होतं. मग लक्षात आलं की भावाला त्रास होऊ नये म्हणून गप बसणं मला फार सोयीचं आहे. मी आयुष्यभर असाच सोयीने गप बसलो. या लेखात मी कोणाचं नाव घातलेलं नाही, तांड्याचंही नाही. तरी जुन्या लोकांना नाका कळेल, नाला कळेल. भावाला वाचता येत नाही, पण त्याच्या नातवंडांना येतं, आणि एखाद्या दिवशी कोणी हे त्याच्या खाटेशी बसून वाचून दाखवील, हे मला दिसतं आहे. ते दिसत असूनही मी लिहितो आहे. एकावरचा खोटा ठपका पुसताना दुसऱ्याला मी नवं दुःख देतो आहे. याचा हिशेब मला लागत नाही. पण तो बाप आपल्यावर नसलेला दोष स्वतःच्या तोंडाने कबूल करून मेला, आणि ते कबूल मी करवून घेतलं. भावाला कोणी हे वाचून दाखवलंच तर एवढंही वाचावं: तू जे धरून बसलास ते माझ्या तोंडून निघालं होतं. अठरा वर्षांच्या मुलाने सरकारी माणसाचं खरं मानलं, यात त्याचा दोष नाही.

पंचनाम्यातलं ते वाक्य मी खोटं लिहिलं. कालवडीचा गळा मोकळा नव्हता. तिच्या गळ्यात शिवणीची नवी घंटा होती, अंबाडीची दोरी होती आणि दुहेरी गाठ होती. दोरी कुठेही झिजलेली नव्हती. विळा धारदार होता, तरी ती कापायला मला दोन हिसके द्यावे लागले.